मनकर्णाबाईच्या बांधावरचा देव

बुद्धभूषणचा फोन आला तेव्हा मी गारखेड्यातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात एका ब्लाऊजची बाही उसवत बसले होते. बुद्धभूषण म्हणजे माझ्या मनकर्णा मावशीचा मुलगा. बजाजनगरला राहतो, वाळूजच्या एका कारखान्यात जातो आणि काम असल्याशिवाय फोन करत नाही.

"विशाखाताई, आयच्या रानात देव निघालाय," तो म्हणाला.

मला आधी हसूच आलं. आमच्या घरातले देव आजोबांनी धर्मांतराच्या साली फडक्यात बांधून नदीला सोडले होते. तेव्हापासून आमच्यात कुणी नारळ फोडलेला नाही. मग हा कुठला देव आणि तो आमच्याच रानात कशाला निघेल?

"बांधाच्या कोपऱ्यातला दगड वाढायला लागलाय म्हणं. तात्यासाहेबानं शेंदूर लावला. वाढोबा नाव ठिवलंय. शनवारच्या शनवारी नारळ फुटत्यात. आता तिथं चौथरा करायचाय आन बांध फोडून वाट काढायचीय. आय काल लोकायच्या अंगावर धोंडा घेऊन धावली. तू चल, तुझं ऐकती ती."

मावशी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तरी मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्याच्या मोटारसायकलवर मागं बसले. वाटेत त्यानं जे जे सांगितलं, ते ऐकून लासूर स्टेशन येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते अजून निवलेलं नाही. म्हणूनच हे लिहिते आहे.

मावशीचं गाव बोरटेक. लासूर स्टेशनवरून डोंगराकडं आत जावं लागतं. गावची काळी, सपाट, हवी तेवढी खोल जमीन कुणाकडं आहे हे सांगायची गरज नाही. डोंगराच्या पोटाशी जे गायरान उरलं होतं, त्यातला उताराचा एक तुकडा मावशीच्या सासऱ्याला भांडून मिळाला. बाजरी, मटकी, थोडी तूर. त्या तुकड्याच्या खाली लागूनच गावातले बडे शेतकरी तात्यासाहेब यांचं काळं रान. मधे एक बांध. या दोन रानांची आणि त्या एका बांधाची ही गोष्ट आहे.

आमच्याकडचा डोंगर काळ्या खडकाचा. नवख्या माणसाला वाटावं, हा जगबुडीपर्यंत हलायचा नाही. पण मावशीच्या रानाच्या वरच्या अंगाला पाण्यानं कापलेली एक दरड आहे, तिथं जाऊन बघा. उन्हात खडक तापतो, अवकाळी सरीनं एकदम निवतो, भेगा पडतात. भेगेत पाणी शिरतं, एखाद्या बाभळीचं मूळ शिरतं, आणि भले मोठे धोंडे कांद्यासारखे पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटायला लागतात. वरचा पापुद्रा बोटांत धरून चुरला तर त्याचा भुगा होतो. तो मुरूम. मुरूम आणखी झिजला, त्यात पालापाचोळा कुजला, मुंग्या-गांडुळांनी तो खालवर केला, की मग कुठं माती. बोटभर माती व्हायला किती पिढ्या जातात ते मला मोजता येत नाही. ती जायला मात्र एका दुपारचा पाऊस पुरतो.

मावशी लग्न होऊन आली ती या रानात दगड वेचायला. भीमजयंती झाली, निळे झेंडे उतरले, की दुसऱ्या दिवसापासून बायका डोक्यावर पाटी घेऊन रानात. गोटे वेचायचे, पाटी भरायची, बांधावर न्यायची. रान हाताच्या तळव्यासारखं साफ करायचं. आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच गोटे. पहिल्या दोन-तीन सालांत मावशीनं विचारलंसुद्धा, की मागल्या साली येचलं व्हतं की सगळं, मंग हे आलं कुठनं?

"रान दगड वितं," अप्पाराव काकांनी सांगितलं. हे काका म्हणजे मावशीचा नवरा. "काही काही रान तसंच असतंय. दरसाली वितं."

आणि सासूनं त्यात भर घातली, की ही यायच्या आधी एवढं वीत नव्हतं. म्हणजे झालं! रान दगड वितं, त्यालाही बाईचाच पायगुण. आमच्यासारखेच देव नदीत सोडलेल्या त्या घरानंही पायगुण मात्र उंबऱ्याच्या आत जपून ठेवला होता. मावशीनं ते ऐकून घेतलं आणि गोटे वेचत राहिली. मला या गोष्टीचा इतका संताप येतो की काकांच्या फोटोला हार घालतानासुद्धा मी मनात दोन शब्द सुनावते.

काकांचं एवढ्यावर भागलं नाही. वेचलेले गोटे बांधावर रचले असते तरी बांध जाड झाला असता. पण तात्यासाहेब एक दिवस बांधावर आले. तात्यासाहेब म्हणजे गोड माणूस. आवाज कधी चढायचा नाही, शिवी कधी यायची नाही. "अप्पाराव, तुमच्या रानातले गोटे तसेच पडत्यात. मला द्या की, मी आमच्या खालच्या अंगाला ताल घालतो," म्हणाले. सबंध गाव ज्या माणसाला 'अरे अप्प्या' म्हणत होतं, त्याला कुणी अप्पाराव म्हटलं, तेही तात्यासाहेबानं. काका विरघळले. त्या वर्षीपासून मावशीच्या डोक्यावरची पाटी आपल्या बांधाशी थांबेना. ती तात्यासाहेबाचं अख्खं रान ओलांडून त्याच्या खालच्या कडेला जायची आणि तिथं रिकामी व्हायची. त्या गोट्यांची तात्यासाहेबानं छातीएवढी ताल रचून घेतली. ताल म्हणजे उतारावरची माती अडवायला घातलेली दगडी भिंत. आता विचार करा, त्या तालीला कुठली माती येऊन अडणार होती?

इकडं वरचा बांध दरसाल बारीक होत होता. आमच्याकडं याला बांध कोरणं म्हणतात. नांगरताना फाळ जरासा बांधाकडं दाबायचा, एका तासापुरती, म्हणजे नांगराच्या एका ओळीएवढी जागा आपल्यात ओढायची. एका वर्षात कुणाच्या लक्षात येत नाही. तात्यासाहेबाकडं ट्रॅक्टर आला तेव्हापासून तर फाळाला डोळेच फुटले. मावशी बघायची, ओरडायची. काका तिलाच गप्प करायचे. "एका फुटाचं काय घिऊन बसलीस? त्यायच्याच इहिरीचं पानी पितो आपुन." आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला? बारीक झालेल्या बांधाला शेवटी एका कोपऱ्यात खांड पडली. सगळ्या उताराचं पाणी त्या कोपऱ्यात जमायचं आणि त्या भगदाडातून तांबडं लाल होऊन खाली उड्या मारायचं.

त्याच कोपऱ्यात हद्दीचा दगड होता. मोजणीवाल्यांनी कधी काळी पुरलेला, वीतभर डोकं वर ठेवून बाकीचा जमिनीत. काका वारले, त्यानंतरच्या एका पावसाळ्यात मावशीचं त्याच्याकडं लक्ष गेलं. दगड गुडघ्याएवढा झाला होता.

ती मला म्हणाली होती, "विशाखा, गोटे येचले तर नवे येत्यात, हे मी मानलं. पर ह्यो दगड तर सरकारानं पुरलेला. ह्याला कसं रान वील? तवा माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. दगड वर येतच नाय गं. माती खाली जाती. मी जन्मभर गोटे येचत व्हते, आन ते गोटेच तेवढे माझी माती धरून बसले व्हते. मीच येचून येचून ती मोकळी केली आन गोटे बी त्यालाच नेऊन दिले."

हे सांगताना ती रडली नाही. हातातला खुरप्याचा दांडा तिनं जमिनीत इतक्या जोरात रोवला की तो तुटला.

आणि आता तोच दगड कमरेपर्यंत आला होता. मावशीला त्यात आपली गेलेली माती दिसत होती. गावाला देव दिसला.

आम्ही पोचलो तेव्हा मावशी अंगणात वखराची लोखंडी पास घासत बसली होती. आम्हाला बघून उठलीसुद्धा नाही. बुद्धभूषणनं चहा व्हायच्या आधीच तोंड उघडलं. "आय, दे ना त्यायला चौथऱ्याला जागा. रान असं बी दगडाचंच हाय. तुला इथं एकटीला ऱ्हायचंय, गावाशी वैर कशाला?"

मावशीनं पास खाली ठेवली, कोपऱ्यातला टिकाव उचलला आणि आम्हाला दोघांना रानात घेऊन गेली. मधोमध उभं राहून टिकाव त्याच्या हातात दिला. "हाण."

त्यानं हाणला. दोन घाव मातीत गेले, तिसऱ्याला खण्णकन वाजलं.

"वीतभर ऱ्हायलीय," ती म्हणाली. "तुझा आज्जा ह्यात विहीर खंदायचं म्हणत व्हता, एवढी व्हती. आता बांध फोडून वाट केली तर ही बी एका पावसात जाती. मंग मी कुठं पेरू? तुझ्या कारखान्यात?"

बुद्धभूषण टिकावाकडं बघत राहिला. पोरगा वाईट नाही. बजाजनगरच्या दोन खोल्यांत राहून त्याला जमीन म्हणजे विकायची नाहीतर वाटायची गोष्ट वाटायला लागली आहे, एवढंच.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळपासून माणसं यायला लागली. वाट अशी नव्हतीच, मावशीच्या उभ्या रानातून तुडवत येत होती. दगडाला शेंदूर फासलेला, पुढं नारळाच्या करवंट्यांचा ढीग, उदबत्त्यांची राख. मी जवळ जाऊन बघितलं. बाजूच्या बाभळीची मुळं अर्धी उघडी पडून हवेत लोंबत होती. तिला कुणी शेंदूर लावला नव्हता.

तात्यासाहेब पांढऱ्या कपड्यांत आले, बरोबर त्यांची बायको द्वारकाबाई. तात्यासाहेबांनी आधी मलाच नमस्कार केला. मग मावशीकडं वळून म्हणाले, "मनकर्णाबाई, तुझ्या रानात देव वाढतोय. भाग्य लागतंय असं व्हायला. कोपऱ्यातली जरा जागा दे, बांध थोडा सपाट करू, म्हातारी माणसं येत्यात, त्यायला चढता येत नाय. गावाचं काम हाय."

बघा कसं बोलतो माणूस. चोर तो चोर, वर शिरजोर, आणि तेही हात जोडून.

"तात्यासाहेब, दगड वाढत नाय," मावशी म्हणाली. "उघडा पडतोय. माझी माती गेली त्याच्या अंगावरची. ती बघा तुमच्या रानात. काळ्यात ह्यो तांबूस पट्टा कुठनं आला? तुमी आणला का गाडीनं?"

माणसांनी खाली बघितलं. तात्यासाहेबाच्या काळ्या रानात बांधाला लागून थेट त्या खालच्या तालीपर्यंत तांबूस माती पसरलेली होती. आंधळ्यालाही पायानं कळली असती. पण बघून सगळ्यांनी माना पुन्हा दगडाकडं वळवल्या.

"पाणी वरनं खाली जातं. त्याला मी काय करू?" तात्यासाहेब हसले. "देवानंच उतार केलाय."

"आन बांध कुनी कोरला? त्यो बी देवानं?"

आता गर्दीत कुजबुज झाली. एकजण म्हणाला, यांना देवधर्म नाही, यांना काय कळणार. मी तिथल्या तिथं त्याला विचारलं, की बाबा, तुझ्या रानातून दर शनिवारी शंभर पाय गेले तर तुझा देवधर्म किती दिवस टिकेल? त्यावर "शहरातल्या बाईनं मधी पडू नये" असं मला सांगण्यात आलं. बुद्धभूषण माझी ओढणी मागून ओढत होता.

तेवढ्यात मावशी द्वारकाबाईंसमोर जाऊन उभी राहिली. या दोघी एकाच सालच्या सुना. एकीच्या रानात दुसरीनं खुरपलेलं.

"द्वारकाबाई, तुमी सांगा. लग्न होऊन आलो तवा ह्यो दगड किती व्हता? खुरपून दमलो की तुमी ह्याच्यावर टेकायच्या आन भाकर सोडायच्या. मी खाली मातीत बसायचे, कारण तुमच्या जोडीला बसायची माझी टाप नव्हती. तुमी बसला व्हता का नाय ह्याच्यावर? वीतभर व्हता का नाय?"

द्वारकाबाईंनी पदर कपाळावर ओढला. नवऱ्याकडं बघितलं. मग दगडाकडं.

"मला काय आठवत नाय," त्या म्हणाल्या.

मावशीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तात्यासाहेबाच्या गोड बोलण्यानं जे झालं नव्हतं, ते या एका वाक्यानं झालं. ती मागं सरकली. मला वाटलं, संपलं. आता ही खाली बसेल, बुद्धभूषण तिला धरून घरी नेईल आणि सोमवारी जेसीबी येईल.

पण मावशीनं पदर खोचला.

"बरं. देव हाय म्हणता?"

"हायच की," चारपाच जण म्हणाले.

"माझ्या रानातला हाय?"

"तुझ्याच रानातला."

"मंग त्याला काय चालतं आन काय नाय, ते मी सांगन. नारळ बंद. शेंदूर बंद. दर्शनाला येईल त्यानं एक गोटा आन एक घमेलं माती आणायची. गोटा त्या खालच्या तालीचा. माती ह्या तांबूस पट्ट्यातली. ती देवाच्या पायाशी वाहायची आन मंग पाया पडायचं. माझ्या उभ्या रानातनं कुनी यायचं नाय, खालनंच यायचं. कबूल असंल तर देव तुमचा. नसंल तर ह्यो दगड मोजणीवाल्यायचा हाय, त्यायला बलिवते."

तात्यासाहेब मोठ्यानं हसले. "असलं कुठं असतंय व्हय?"

"का नसंल?" गर्दीतून कडुबा बोलला. कडुबा म्हणजे गावचा जख्ख म्हातारा मेंढपाळ. "माझ्या मामाच्या गावाला घाटात म्हसोबा हाय. त्याला गोटेच वाहत्यात. आमी लहानपणापून वाहत आलो. ह्याला माती बी लागती, एवढंच. ज्याचा त्याचा मान असतोय."

आमच्या भागात घाटाघाटाला अशा गोट्यांच्या राशी आहेत. येणारा-जाणारा एक दगड टाकतो आणि पुढं जातो. लोकांना ते ऐकून एकदम पटलं. उलट नारळापेक्षा हा देव जास्त कडक वाटला असावा. कडुबानं मावशीच्या बांधावर पडलेलं घमेलं उचललं, काठी टेकत खाली उतरला आणि तात्यासाहेबाच्या रानात बसून हातानं माती भरायला लागला.

"अहो, ती माझी माती हाय!" तात्यासाहेबाच्या तोंडून निघून गेलं.

"मंग? देवाच्या कामाला घमेलंभर माती जड झाली व्हय तुमाला?" कडुबानं विचारलं. तो खरंच विचारत होता.

तात्यासाहेबाचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं. दगडाला देव त्यानंच केलं होतं, नाव त्यानंच ठेवलं होतं. आता नाही म्हणणार कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. फोन आल्यापासून मला त्या दिवशी पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

घरी आल्यावर बुद्धभूषण चिडला. "आय, तू आन देव? बाबासाहेबानं काय शिकवलं आपल्याला?"

"मी कुठं मानते? त्ये मानत्यात," मावशी म्हणाली. "मानत्यात तर काम करा म्हणते. फुकट कशाला मानायचं?"

मग सुरू झालं ते सुरूच राहिलं. दर शनिवारी तात्यासाहेबाच्या तालीतले गोटे उचकटून वर यायला लागले. मावशी खांडीपाशी उभी राहून हुकूम सोडायची. मोठा गोटा खाली बसव, बारका फटीत घाल, माती पायानं दाब, तिकडं नको इकडं टाक. लोकांना वाटायचं, देवाचं सगळं मांडणीनं करावं लागतं. पाण्याला बाहेर पडायला तिनं एका बाजूला दगड बसवून सांडवा ठेवून घेतला. लासूर स्टेशनवरून कुणी नवस बोलून आलं, त्यानं पाच घमेली वाहिली. पावसाळा तोंडावर आला तेव्हा खांड बुजली होती आणि दगडाची कंबर मातीत गेली होती.

भाद्रपदात पावसानं एकदा सगळा भाग झोडपून काढला. गारखेड्यात माझ्या दुकानात पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. "बांध ऱ्हायला गं. सांडव्यातनं पाणी निवळ गेलं. पायाचं बोट दिसत व्हतं पाण्यात."

मी म्हटलं, मग झालं की मावशी, जिंकलीस.

 तशी ती ओरडली, माझ्यावरच ओरडली. "काय जिंकले? सबंध गाव इतके दिस माती वाहतंय, आन भरलं किती? कोपऱ्यात दोन बाजा टाकता येतील एवढं! बाकीचं रान तसंच वीतभर. माझी हयात गेली ती माती जाऊ देण्यात. ती कोण आणून देणार? हेच आधी झालं असतं तर! तवा माझं कुनी ऐकलं नाय. तुझ्या काकानं बी ऐकलं नाय. आता दगडाचं ऐकत्यात!"

  पाऊस एका दुपारी जे घेऊन जातो, ते परत आणायला गाव अपुरं पडतं. माणसानं ही गोष्ट आधी समजून घ्यायची असते, आणि समजलेल्या बाईला गप्प करायचं नसतं.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी पुन्हा बोरटेकला गेले, तेव्हा तात्यासाहेब आठ-दहा माणसं घेऊन बांधावर उभे होते. दगड आता टोकापुरता उरला होता. त्याच्या भोवती मावशीनं करडई टाकली होती, ती बोटभर उगवून आली होती.

"देव बुजला मनकर्णाबाई," तात्यासाहेब म्हणाले. आवाजातला गोडवा बराच कमी झाला होता. "वाढता देव व्हता, तुझ्या हातानं खाली गेला. गावावर कोप व्हईल. आज उकरून मोकळा करायचा, असं ठरलंय. आन माझ्या रानात खड्डे पडल्यात, ताल ढासळली, ते एक येगळंच."

एकाच्या हातात फावडं होतं. मावशी करडईतून चालत आली आणि दगडाच्या अलीकडं उभी राहिली. तिच्या हातात काही नव्हतं.

"देव दिसावा म्हणून मी माझं रान नागडं करू व्हय?" ती म्हणाली. "तुला त्यो उघडाच बघायचा असंल तर तुझ्या रानात ने, तिथं उघडा कर. तुझी माती काढ त्याच्या अंगावरची. माझ्या बांधाला फावडं लावलंस तर आधी मला लाव."

तात्यासाहेबाला तिनं 'तू' म्हटलं होतं. उभ्या जन्मात पहिल्यांदा. सगळ्यांनी ऐकलं आणि कुणालाच पुढं काय करावं कळेना. फावडंवाला माणूस करडईच्या ओळींकडं बघत होता. शेतकरीच तो, उगवलेल्यावर पाय द्यायला त्याचा पाय उचलेना. कडुबा म्हणाला, "देव बसला म्हणा की. उभा ऱ्हाऊन ऱ्हाऊन दमतो माणूस, देव दमंना का?" आणि तो निघाला. मग एक, दोन, करत बाकीचे निघाले. तात्यासाहेब शेवटी गेले, मागं न बघता.

द्वारकाबाई मात्र थांबल्या. त्यांच्या डोक्यावर घमेलं होतं. त्या दर शनिवारी यायच्या, माती वाहायच्या, पाया न पडताच जायच्या, असं मावशीनं मला सांगितलं होतं. ती भक्ती होती की आणखी काही, मला माहीत नाही. माणसं दिसेनाशी झाली तेव्हा त्या जवळ आल्या.

"मनकर्णा," त्या हळूच म्हणाल्या, "मी बसायचे गं ह्याच्यावर. वीतभरच व्हता. मला समदं आठवतं."

मावशीनं त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता या दोघी गळ्यात पडतील. चाळीस वर्षांचं काहीतरी मोकळं होईल. मी ओढणी डोळ्याला लावायच्या तयारीतच होते.

"आत्ता सांगती व्हय?" मावशी म्हणाली. "तवा सारं गाव उभं व्हतं इथं. तवा तुला आठवलं नाय. आता कोन हाय ऐकायला?"

द्वारकाबाई तशाच उभ्या राहिल्या. घमेल्याच्या ओझ्यानं त्यांची मान एका बाजूला कलली होती.

"माती तेवढी बांधावर टाक," मावशी म्हणाली, "आन जा."